सतरावे वर्तुळ

हॉलची लांबी अठरा मीटर, रुंदी नऊ मीटर, उंची चार मीटर. गुणाकार सहाशे अठ्ठेचाळीस घनमीटर. हा आकडा मी आधीच लिहून ठेवतो, कारण पुढची सगळी गणिते त्यावर उभी आहेत.

माझे नाव रूपराव भोयर. वय एकोणसत्तर. नागपूरच्या तंत्रनिकेतनातून विद्युत शाखेची पदविका घेऊन मी चौतीस वर्षे सरकारी इमारतींमधील वीज, पंखे आणि वायुवीजन सांभाळले. निवृत्तीनंतर वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत दोन खोल्यांचे घर बांधले आणि पुन्हा कुठल्या शिडीवर चढायचे नाही असे ठरवले. करोनाच्या साथीने तो निश्चय मोडला. साथ ओसरली, पण हवेची भीती लोकांच्या मनातून गेली नाही. कार्यालयांनी काउंटरपुढे काचा लावल्या, बंद खिडक्या उघडल्या, छतात मोठे पंखे बसवले. आणि मग प्रश्न आला की एवढे करून हवा खरोखर सुधारली का, हे सांगणार कोण? ते सांगण्याचे काम माझ्याकडे आले.

पद्धत सोपी आहे. माणूस श्वास सोडतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. मोकळ्या हवेत त्याचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे चारशे वीस असते. बंद खोलीत माणसे बसली की आकडा चढू लागतो. वर दिलेल्या आकाराच्या हॉलमध्ये शांत बसलेला एक माणूस तासाला अठ्ठावीस अंकांची भर घालतो. दोघे बसले तर छप्पन्न. मुठीत मावेल एवढे मीटर असते. ते माणसे पाहत नाही, फक्त श्वास मोजते.

हा हॉल आमच्याच वस्तीच्या टोकाला असलेल्या जनसुविधा भवनातला. दाखले, उतारे, प्रमाणपत्रे देणारी खिडकी तिथे होती. दुसऱ्या लाटेत ती बंद झाली, कार्यालय भाड्याच्या जागेत गेले आणि इमारत दोन वर्षे कुलुपात राहिली. आता, २०२३च्या मे महिन्यात, ती नव्याने उघडायची होती. अधिकारी धम्मदीप वासनिक हे तिशीतले, हसतमुख गृहस्थ.

"भोयर साहेब, माणसाले तर दाखला लागतेच," ते मला म्हणाले, "आता हवेलेही दाखला लागून राह्यला. तुमची सही झाली की सोमवारी उघडतो. नाई झाली तर सगळा स्टाफ मूळ जागी परत."

तो स्टाफ म्हणजे माझ्या दृष्टीने एकच व्यक्ती. माझी एकुलती एक मुलगी सुरभी सहा वर्षे सिरोंच्याला लिपिक होती. कोकिळा, माझी पत्नी, २०२१च्या एप्रिलमध्ये गेली तेव्हा सुरभीला पोहोचायला दीड दिवस लागला; तिने आईचे तोंडही पाहिले नाही. त्यानंतरही दोन वर्षे ती बदलीसाठी अर्ज करीत राहिली. अखेर आदेश आला: जनसुविधा भवन, खिडकी क्रमांक एक, सोमवारी रुजू व्हावे. दोन बॅगा घेऊन ती घरी आली होती. ओट्यावर आईचे डबे मांडत होती. इमारत उघडली नाही, तर त्या दोन बॅगा पुन्हा भरायच्या होत्या.

म्हणून सही करण्याची मला मनातून घाई होती, हे मी नाकारत नाही.

*

बुधवारी सकाळी दहा वाजता मी पहिली चाचणी घेतली. प्रथम हॉल पूर्ण बंद करून, पंखे न लावता, तासाभरात आकडा किती चढतो ते पाहायचे. आत मी एकटा असणार, म्हणून वाढ अठ्ठावीस यायला हवी. त्याहून कमी आली तर कुठून तरी हवा गळते असे समजायचे.

चौकीदार ताराचंद याने दार उघडून दिले. वीस वर्षांपासून तो इथेच आहे. मी मीटर हॉलच्या मध्यभागी स्टुलावर ठेवले आणि त्याला खुर्ची मागितली. तो खुर्ची घेऊन आला, पण सरळ माझ्याकडे आला नाही. दारापासून भिंतीला पाठ घासत कोपऱ्यापर्यंत गेला, दुसऱ्या भिंतीने काउंटरपर्यंत आला आणि तिथून खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"सरळ ये ना, ताराचंद. एवढा वळसा काऊन?"

"सवय हाय जी."

"फरशी ओली आहे का?"

"नाई जी, कोरडी हाय." तो दाराकडे वळला. "मधातून जाणं बरं नाई दिसत."

तो बाहेर गेला. मी दारांच्या फटींना कागदी टेप लावली. मीटर चारशे वीसवर होते. बाहेर कडुनिंबावर एक होला घुमत होता. चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात तेवढाच आवाज. मी खुर्चीवर बसून वही उघडली.

अकरा वाजता मीटरने नऊशे चोवीस दाखवले.

वाढ पाचशे चार. त्यातून माझे अठ्ठावीस वजा केले: चारशे शहात्तर. भागिले अठ्ठावीस.

सतरा. बाकी शून्य.

मीटर बिघडले असे मी गृहीत धरले. कोणीही तेच धरले असते. ते बाहेर कडुनिंबाखाली नेले. पाच मिनिटांत चारशे एकोणीसवर उतरले. घरी नेऊन तपासले. बरोबर चालत होते. दुसऱ्या दिवशी तंत्रनिकेतनातल्या एका ओळखीच्या प्राध्यापकाकडून दुसऱ्या बनावटीचे मीटर आणले. दोन्ही शेजारी ठेवली. हॉलखाली तळघर नाही, जवळ गटार नाही, गॅसची नळी नाही, मागे भट्टी नाही. हे सगळे मी चालत जाऊन पाहिले आणि वहीत एकाखाली एक खोडले. गुरुवारी सतरा. शुक्रवारी सकाळी सतरा. शुक्रवारी दुपारी मी पंखे पूर्ण वेगाने लावले, तरी रिकाम्या हॉलचा आकडा सातशेखाली येईना. या अवस्थेत आणखी चाळीस माणसे बसली की चांगल्या हवेसाठी मानलेली हजाराची मर्यादा सहज ओलांडली जाणार होती.

एक गोष्ट मी त्या वेळी वहीत लिहिली नाही. पंखे बंद केल्यावर रिकामा हॉल जसा शांत व्हायला हवा, तसा तो झाला नाही. आवाज कुठलाही नव्हता. पण पुष्कळ माणसे एका जागी गप्प उभी असली की जी एक दाट शांतता असते, ती तिथे होती. मी लहानपणी गिरडच्या टेकडीवर दर्ग्यापुढे उभ्या असलेल्या लोकांत ती अनुभवली होती. इथे ती माझ्या पाठीमागे होती.

मी मागे वळून पाहिले. फरशीवर उन्हाचे चौकोन होते, एवढेच.

*

सतरा हा आकडा मला परका नव्हता. परका नाही, हे स्वतःशी कबूल करायला मला तीन दिवस लागले.

पहिल्या टाळेबंदीनंतर, २०२० च्या जूनमध्ये, या हॉलची फेरआखणी मीच केली होती. काउंटरच्या काचा मी बसवून घेतल्या, आणि दोन माणसांमध्ये सहा फूट अंतर राहावे म्हणून फरशीवर पिवळ्या ऑइल पेंटने वर्तुळे आखली. टेप धरून, एकेक. खिडकी क्रमांक एकपासून निघालेली ती रांग हॉलभर नागमोडी फिरून दारापाशी संपत होती. सतरा वर्तुळे बसली.

लोक वर्तुळात उभे राहिले नाहीत. आपल्याकडची रीत जुनी आहे. रेशनचे दुकान असो की बँक, माणूस आपल्या जागी चप्पल काढून ठेवतो आणि सावलीत जाऊन बसतो. चप्पल रांगेत आहे म्हणजे माणूस रांगेत आहे. तिला ओलांडून कोणी पुढे जात नाही. एरवी देवळापुढून चपला लांबवणारेही रांगेतल्या चपलेला हात लावत नाहीत. माझ्या वर्तुळांत चपला बसल्या आणि माणसे कडुनिंबाच्या ओट्यावर.

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता मी ताराचंदला त्या ओट्यावर बसवले.

"शेवटचा दिवस आठवतो का तुला? एप्रिलचा?"

"आठवते ना जी." त्याने गमछ्याने मान पुसली. "सकाळपासून सर्व्हर बंद होतं. एकाचं बी काम झालं नाई. सतराच्या सतरा गोल भरले होते. एक वाजता वरून फोन आला, ऑफिस आत्ताच्या आत्ता बंद करा म्हणून. लोकं लय चिडले. मग मीच म्हटलं, बाप्पा, चपला राहू द्या जिथच्या तिथं. उद्या इथूनच नंबर सुरू करू. तुमचा नंबर कोठी जात नाई." तो जमिनीकडे पाहत राहिला. "गेले बिचारे तसेच, अनवाणी. मी शब्द देल्ला होता त्यायले. अन् ते उद्या काई आलं नाई."

"ती माणसं?"

"काही गेली. काही असतील. चपला मागायले कोणी आलं नाई. दोन वर्षं मी झाडू मारला तं चपला वाचवून मारला, एक बी हालू देल्ली नाई. मंग फेब्रुवारीत तुमीच..."

त्याने वाक्य पुरे केले नाही. फेब्रुवारीत दुरुस्तीवर देखरेख मीच करीत होतो. माझ्या अहवालात एक ओळ आहे: 'हॉलमधील बेवारस पादत्राणे, सतरा जोड, विल्हेवाट लावली. फरशीवरील रंग खरवडला.' मी त्या दिवशी दारातच उभा होतो. चपला पोत्यात भरत असताना मी आत गेलो नाही. सतराव्या वर्तुळातला जोड मला पाहायचा नव्हता. त्याच्या उजव्या पायाचा पट्टा तुटला होता आणि तो मी तांब्याच्या तारेने बांधून दिला होता.

सतरावी कोकिळा होती.

सुरभीच्या बदलीच्या अर्जाला आईवडिलांचा रहिवासी दाखला हवा होता. दाखला माझ्या नावाचा, त्यामुळे फोटो काढायला मी स्वतः हजर असणे आवश्यक होते. कोकिळा म्हणाली, मी सकाळी जाऊन तुमचा नंबर धरते, तुम्ही मागून या. मी पाण्याच्या टाकीचा फ्लोट-स्विच खोलून बसलो होतो. हातातले काम अर्धे सोडायचे नाही, ही माझी सवय. साडेबाराला तिचा फोन आला.

"अहो, सर्व्हर सुरू होऊन राह्यलं म्हणतेत. या ना आता."

"वीस मिनिटं," मी म्हणालो.

ती दीड वाजता घरी आली. डांबरी रस्त्याने, अनवाणी. पाय पाण्यात बुडवून बसली आणि म्हणाली, "उद्या तुम्हीच जा बाई. तुमच्या नंबरावर माझी चप्पल हाय." तिसऱ्या दिवशी ताप आला. बाराव्या दिवशी ती गेली.

*

शनिवारी सुरभी जागा बघायला आली. मी नको म्हणालो होतो. कारण मात्र सांगू शकलो नाही.

"बाबा, सोमवारपासून आठ तास इथंच बसायचं आहे मले. खुर्ची तरी पाहू द्या."

ती काउंटरमागे गेली, खिडकी क्रमांक एकच्या खुर्चीवर बसली, उंची खालीवर करून पाहिली, आणि काचेतून मला म्हणाली, "हं बोला, काय काम आहे? आधार आणलं का?" मी हसलो. तिच्यापुढे टोकन यंत्राचे बटण होते. रांगेतला पुढचा क्रमांक पुकारणारे ते यंत्र नुकतेच जोडले होते; तिने बटणाला हात लावला नाही.

मी पंख्याचा वेग वहीत लिहू लागलो. थोड्या वेळाने ती म्हणाली, "बाबा, काचेवर काय आलं हे?"

बोलण्यासाठी काचेला जिथे भोके पाडलेली आहेत, त्याच्या जरा वर, एक वाफेचा ठिपका होता. तळहाताएवढा. सुरभीने ओढणीने आतून पुसला. तो गेला नाही. तो बाहेरच्या बाजूने होता, माझ्या बाजूने. मी काचेपासून दहा फुटांवर उभा होतो.

ठिपका विरळ झाला. मग पुन्हा दाट झाला. मी नाडी मोजतो तसे मोजले. मिनिटाला सोळा वेळा.

"एसीमुळं असेल," सुरभी म्हणाली. त्या हॉलमध्ये एसी नाही. तिने कपाळ दाबले. "कोंदट आहे हो इथं. डोकं जड झालं एकदम. कोणीतरी अगदी जवळ येऊन उभं राहावं तसं वाटून राह्यलं."

पहिल्या ठिपक्याच्या मागे, थोड्या उंचीवर, दुसरा ठिपका उमटला. कोणीतरी पुढच्याच्या खांद्यावरून आत डोकावावे, तसा.

"उठ," मी म्हणालो.

"काऊन?"

"सुरभी, उठ तिथून."

ती उठली. माझा आवाज तिने असा कधी ऐकला नव्हता. बाहेर आल्यावर ती घाबरून मलाच विचारू लागली, "बाबा, सही करणार ना तुम्ही? नाई तर मले परत जावं लागते."

मी रात्रभर विचार केला असे लिहिणार नाही. मी विचार केला नाही, मी आखणी केली. सही न करावी तर मुलगी सिरोंच्याला. सही करावी तर मुलगी त्या काचेमागे, आणि काचेच्या या बाजूला दोन वर्षे ताटकळलेली रांग. राहिला तिसरा मार्ग. त्या माणसांना एक शब्द दिलेला होता: उद्या इथूनच नंबर सुरू करू. तो उद्या कोणीतरी उजाडवायला हवा होता.

*

रविवारी सकाळी दहा वाजता ताराचंदने दार उघडले. मी त्याला ओट्यावर थांबायला सांगितले आणि आतून टेप लावली. मीटर घेऊन खिडकी क्रमांक एकमागे, सुरभीच्या खुर्चीवर बसलो.

दहा मिनिटे नुसती मोजली. एका माणसाचे दहा मिनिटांत जवळपास पाच अंक होतात. वाढ त्र्याऐंशी. म्हणजे अठरा जण: ते सतरा आणि मी.

बटण दाबले.

"क्रमांक एक. खिडकी एक," यंत्रातला बाईचा आवाज म्हणाला.

काचेवर ठिपका उमटला. मी कोरा कागद काचेखालच्या फटीतून पुढे सरकवला. का सरकवला ते सांगता येणार नाही. खिडकीवर बसलेला माणूस तेच करतो. ठिपका दाट झाला, विरळ झाला आणि पुसला गेला. पुढच्या दहा मिनिटांत वाढ एकोणऐंशी.

सतरा जण.

मी दुसऱ्यांदा बटण दाबले. चौऱ्याहत्तर. तिसऱ्यांदा. एकोणसत्तर.

मला भीती वाटत होती, पण आकडे उतरत होते आणि उतरणाऱ्या आकड्यांवर माझा विश्वास आहे. काही ठिपके उंचावर येत, काही खाली. सहावा फार खाली होता. वाकलेला माणूस असावा. अकराव्याच्या वेळी ठिपका पुन्हा पुन्हा तुटत होता, जणू त्याला खोकला येत होता. मी काचेपासून मागे सरकलो नाही. प्रत्येकाला एक कागद दिला. एकदाही कागद माझ्या नजरेसमोर हलला नाही, पण पुढचा ठेवताना मागचा तिथे नसे.

पावणेएक वाजता सोळावा गेला. मग मी दहा मिनिटे मोजली. वाढ नऊ.

दोघे. मी आणि आणखी एक.

"क्रमांक सतरा. खिडकी एक."

काच स्वच्छ राहिली.

दहा मिनिटे. नऊ.

पुन्हा दाबले, पण यंत्र पुढच्या क्रमांकावर गेले नाही. "क्रमांक सतरा. खिडकी एक." नऊ.

तिसऱ्यांदा दाबले आणि मोठ्याने म्हणालो, "कोकिळा, ये ना."

काही नाही. नऊ.

मी काचेतून हॉलकडे पाहिले. तिथे दारापाशी, स्विचबोर्डाखाली, खरवडलेल्या रंगाची एक पुसट पिवळी कड उरली होती. ती पाहताना मला समजले. ती पुढे येणार नव्हती. ती जागा तिची नव्हतीच. ज्याच्यासाठी नंबर धरला तो आल्याशिवाय, धरणारा आपली जागा सोडत नाही.

मी काउंटरमागून बाहेर आलो. ताराचंदसारखा भिंतीने गेलो नाही. रांग आता मोकळी होती. सतराव्या वर्तुळापाशी थांबून चपला काढल्या.

फरशी सगळीकडे गार होती. तेवढीच जागा उबदार होती. दोन पावलांएवढी.

मी त्यावर उभा राहिलो.

डाव्या दंडाला कोणीतरी हलकेच चाटून गेल्यासारखे वाटले. गर्दीत जागा करून देताना लागते, तेवढेच. मग ऊब गेली.

बटणाजवळ कोणी नव्हते.

"क्रमांक सतरा," बाईचा आवाज म्हणाला. "खिडकी एक."

मी गेलो. नागमोडी रांगेने, एकही वर्तुळ न चुकवता. काचेपुढे उभा राहिलो आणि माझे नाव सांगितले. किती वेळ उभा होतो ते वहीत नाही. पलीकडे खुर्ची रिकामी होती, आणि काचेखालच्या फटीतून माझ्याकडे एक कोरा कागद आलेला होता. मी तो घेतला.

मग खुर्चीवर बसून शेवटची चाचणी घेतली. पूर्ण अर्धा तास. वाढ: शून्य.

हॉल रिकामा झाला होता. मी तिथेच अहवालावर सही केली. 'इमारत वापरास योग्य.' अक्षर नेहमीसारखे आले.

टेप काढून दार ढकलतो तोच बाहेरून कडी लागल्याचा आवाज आला. ताराचंद कुलूप घालत होता. मी आतून हाक मारली तेव्हा तो दचकून मागे झाला.

"अरे बाप्पा! तुमी आतच हाये का साहेब? मी खिडकीतून पाह्यलं, मले वाटलं आत कोणीच नाई." मग तो आत शिरला आणि हॉलच्या बरोबर मधून चालत पलीकडच्या भिंतीपर्यंत गेला. "मोकळं वाटते जी आज," तो म्हणाला. "भल्ला मोकळं."

*

सोमवारी सुरभी रुजू झाली. संध्याकाळी सहा वाजता पेढे घेऊन घरी आली. सत्तावन्न लोकांची कामे झाली, सर्व्हर एकदाही बंद पडले नाही, डोके दुखले नाही, काच स्वच्छ होती. वासनिक साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितले की या हॉलची हवा भोयर साहेबांनी तपासलेली आहे. ती पाय वर घेऊन दिवाणावर बसली आणि आई गेल्यानंतर प्रथमच एका दमात इतके बोलली.

मी ऐकत होतो. मीटर टेबलावर होते. अहवालाची प्रत फाइलला लावताना, शेवटच्या नोंदीवर माझी नजर अडली होती.

अर्धा तास. बंद हॉल. वाढ शून्य.

आत मी होतो. माझे चौदा यायला हवे होते.

आमची पुढची खोली लहान आहे, छत्तीस घनमीटर. इथे एक माणूस अर्ध्या तासात अडीचशे अंक चढवतो, दोन माणसे पाचशे. सुरभी बोलायला लागली तेव्हा मीटर चारशे चाळीसवर होते. अर्ध्या तासाने ते सहाशे नव्वदवर होते.

"बाबा, सारखं त्या यंत्राकडे काय पाहून राह्यले? आपल्या घरात किती माणसं आहेत म्हणते ते?"

"दोन," मी म्हणालो.

"मंग बरोबर आहे म्हणा!" ती हसली, उठली, पायात चपला सरकवल्या. "दूध आणते. दार लावून घ्या, मच्छर येतेत."

मी दार लावून घेतले. खिडकी लावली. पंखा बंद केला. खुर्ची टेबलाजवळ ओढून मीटरसमोर बसलो.

सहाशे नव्वद. पाच मिनिटांनी सहाशे पासष्ट. दहा मिनिटांनी सहाशे चाळीस.

मी पुढे वाकलो, तोंड मीटरच्या छिद्रांना टेकवले आणि छाती रिकामी होईपर्यंत श्वास सोडला.

सहाशे एकोणचाळीस.

सहाशे अडतीस.

सहाशे सदतीस.